जुलिया बोलतेय

तिरानात, तिसऱ्या मजल्यावर, बावीस नंबरच्या टेबलाशी
सकाळी नऊपासून मी जुलिया असते.
नाव माझं व्योल्त्सा; पण व्योल्त्साकडून
कुणी विजेचं कनेक्शन घेत नाही.

इटालियन मी शाळेत नाही शिकले.
गच्चीतल्या अँटेनाला बाबांनी ॲल्युमिनियमचं ताट बांधलं होतं,
त्यात समुद्रापलीकडच्या जाहिराती पडायच्या:
साबण, शेवया, मांजराचं खाणं.
व्याकरण फार नंतर आलं.

आता तीच भाषा मी उलट पाठवते.
पलीकडे फोन उचलून म्हणतात, 'प्रोंतो'.
म्हणजे तयार.
कशाला तयार, ते कुणी सांगत नाही.
बहुतेक जण आपटायलाच.

नियम असे की आवाजात हसू हवं,
आणि समोरच्याला 'तू' नाही, 'ती' म्हणायचं,
जणू आदराचं माणूस
कायम शेजारच्या खोलीत असतं.

मंगळवारी कालाब्रियाचे नंबर होते.
अकराव्या रिंगला एका बाईंनी उचलला.
प्रोंतो. प्रोंतो! कोण बोलतंय?
जुलिया बोलतेय, सिन्योरा बेल्लूशी, मागचं बिल आहे का हाताशी?
थांब पोरी, चष्मा.

रिसीव्हर लाकडावर टेकल्याचा आवाज.
सपाता. अडकणारा एक ड्रॉवर.
आणि मग, माझ्यासाठी नव्हे,
'एया, माचे. एया.'

ये, मनी, ये.
इटालियन नव्हतं ते.
माझी आई कोंबड्यांना अशीच बोलवायची
खुराड्याचं दार गुडघ्यानं उघडं धरून.
आमच्याकडची माणसं पाचशे वर्षांपूर्वी होड्यांतून तिकडे गेली,
हे पुस्तकात होतं, पाच मार्कांना यायचं.
ती अजून मांजराशी बोलतात, हे नव्हतं.

स्क्रीनवर लाल ठिपका. कॉल रेकॉर्ड होतोय.
बेस्निक साहेब दोन टेबलं सोडून, सफरचंद कापत.

बाई परतल्या. बिल नव्हतं सापडलं.
बोला, म्हणाल्या इटालियनमध्ये, काय हवंय तुम्हाला?

पुढचं वाक्य कागदावर तयार होतं.
मी नव्हते.
कोंबड्यांच्या भाषेत हळूच विचारलं:
खाल्लं का मनीनं?

बराच वेळ नुसती तार.
मग, रेकॉर्डिंगमध्ये उमटलंही नसेल
इतक्या बारीक आवाजात:
कुणाची गं तू?

रकान्यात मी भरलं: विक्री नाही.
पुन्हा फोन करावा.