स्लीव्ह आधी

तिसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडं माझं दुकान.
रात्री साडेनऊला संतान लोबोचा टेम्पो आला,
मागं फ्लॉवर, कोबी, ओली मिरची,
पहाटे म्हापशात पोचायची.
"डावा दिवा खड्ड्यात विझतो, खड्ड्यात पेटतो.
बघ की रे जरा."

आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढलं.
बसवण्णी मास्तर म्हणायचे,
म्हैस न्हवं ही, थोपटून गप्प बसायला.

फ्यूजच्या जागी सिगारेटची चांदी.
संतान दुसरीकडं बघू लागला.
"घाटात उडला. रात्रीचं कुठं मिळतंय?"
दहाच्या जागी दहाच, म्हटलं.
तो जळतो, म्हणून तुझी गाडी जळत नाही.

मग हार्नेसची पट्टी सोडत गेलो, वीत वीत.
पहिला जोड बसवण्णींचा:
वर मेणदोऱ्याच्या दोन गाठी, हीच त्यांची सही.
अकरा वर्षं. ओढून पाहिला.
तसाच ठेवला.

पुढं चार बोटांवर दुसरा.
नुसता पीळ, वर चिकटपट्टी,
आत तांब्यावर हिरवी बुरशी.
असा उलटा पीळ डावखुराच देतो.
मी डावखुरा.

त्या खंडेनवमीला गाड्यांची रांग होती,
मास्तर जेवायला गेले होते,
आणि मला वाटलं, झाकलं की झालं.

"काय करूलालास रे इतका वेळ?"
"जुनं काढूलालोय."

चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत गेलो.
सोलताना एक केस तुटू दिला नाही;
सोळांतले दोन गेले तर चौदांवर भार.
शेजारच्या तारेचा जोड जरा मागं घेतला,
दोघांची गाठ पडू नये म्हणून.
आच तारेला दिली, कथलाला नव्हे.
तापली की ती आपणच पिते.

आणि मग आठवलं.
स्लीव्ह टेबलावरच.
मास्तरांनी कान धरला असता:
मोदलू स्लीव्ह, आमेले जोड!
सगळं पुन्हा कापलं. पुन्हा सोललं.

स्लीव्ह आक्रसून तारेला बिलगली.
दोन्ही हातांनी ओढलं, जीव खाऊन.
दिवा लागला, समोरच्या शटरवर
कानडी पाटी उजळली,
आणि तिच्याखालची खरवडलेली मराठीही.

पैसे फ्यूजचे घेतले, जोडाचे नाही.
"का रे?"
"चोर्ला उतरलास की मिस कॉल दे."

दीडला फोन एकदा वाजला, थांबला.
मी जागाच होतो.