निळा चीक

एका ट्रेमध्ये बहात्तर रोपं. बोटाच्या पेराएवढी.
गेल्या वर्षी मोजली तेव्हाही पेराएवढीच होती.
आमच्या बेटावरची झाडं घाई करत नाहीत.
निकेलच्या मातीत राहायचं
म्हणजे प्रत्येक घास चाखून, थांबून गिळायचा.

काझिमीरमामा एकतीस वर्षं वर खाणीत होता.
आधी पहार, मग डंपर.
डोंगराचा माथा त्यानं फेरी-फेरीनं
धक्क्यावर उतरवला
आणि बोटी तो घेऊन गेल्या अशा बंदरांना
ज्यांची नावं त्याला
बोटींच्या कुशीवर वाचूनच ठाऊक.

मागे राहिलं तांबडं.
सर आली की ते ओढ्यात, ओढ्यातून प्रवाळाच्या आत,
आईनं वाळत टाकलेल्या चादरींवरसुद्धा.
दुरून मात्र साजरा दिसतो म्हणे, पर्यटकांच्या जहाजावरून,
जणू डोंगरावर ऊन मुक्कामाला थांबलंय.

बी गोळा करायला मामा लागतो.
वरच्या कड्याला, जिथं यंत्रं पोचली नाहीत,
तो दगडावर वारभर छापील कापड ठेवतो, वर एक नोट,
आणि मोठ्यानं सांगतो कोण आलंय,
कुणाची लेक, कशासाठी.
मग नुसता उभा राहतो. मी घड्याळ बघते;
मला अकरापर्यंत पोती खाली न्यायची असतात.
कंपनीच्या पोरसवदा साहेबानं एकदा विचारलं,
परवानगी मिळाली हे कळतं कसं?
मामा म्हणाला, नाही मिळाली की कळतं.

खाण उघडली त्या दिवशी
कुणी कापड ठेवलं होतं का,
हे मी अजून विचारलेलं नाही.

पहिल्या उतारावर आम्ही लावली नऊ हजार.
काही हरणांनी खाल्ली, काही वाऱ्यानं उपटली, काही नुसतीच रुसली.
दोन वर्षांनी शंभरातली एकेचाळीस.
वहीत मी तेवढं लिहिलं आणि साहेब खूश झाला,
म्हणाला, उत्तम आकडा आहे, युलाली.
गेलेल्यांच्या जागी बांबूच्या काड्या तशाच आहेत.
संध्याकाळी त्यांच्याच सावल्या लांब पडतात.

काल परतताना मामानं मला रानात एका झाडापाशी थांबवलं.
सुरीच्या टोकानं साल जराशी ओरखडली
आणि आतून चीक आला. निळा. हिरवट निळा,
मोरचुदासारखा.
"याच्यात तेच आहे," तो म्हणाला, "मी नेलं ते.
हेही खणतं. पण कुठं नेत नाही."
अंगठा पँटला पुसला. डाग गेला नाही.

ट्रे क्रमांक एकोणीस याच झाडाचा.
आज सकाळी येऊन त्यानं तोच मागितला.
"यांना कधी येईल चीक?"
साहेब म्हणतो तीस वर्षं, मी म्हटलं.
मामा वर्षं मोजतो कोनफळांच्या काढणीनं;
एकेक बोट मिटत गेला, दोन्ही हात संपले, थांबला.

आमच्यात बाळ जन्मलं की मामा त्याच्या कानात फुंकर घालतो,
श्वास आईच्या माहेरचा असतो म्हणून.
माझ्या कानात यानंच घातली होती.
तो ट्रेवर वाकला. छातीत अजून खाणीची घरघर.
एका रोपावर हळूच फुंकलं.

मी बघितलं, हे त्यानं बघितलं.
"धूळ होती," म्हणाला.