दुर्वाहक

तोकोपियाच्या वरच्या अंगाला, जिथे समुद्र संपतो
आणि मध्ये गवताचं पातंही न घालता
वाळवंट सुरू होतं,
एलेउतेरियो चोके टॉवरवरच्या चिनीमातीच्या थाळ्या धुतो.
एका साखळीत चौदा. सहा साखळ्या एका टॉवरला.
इथे पाऊस कुणाच्या तरी लहानपणी पडून गेला म्हणे,
तेव्हा धुवायला माणूसच लागतो.

रात्री समुद्रावरून धुकं चढतं. कामांचाका.
थाळ्यांवरच्या धुळीत मीठ कालवून ठेवतं
आणि थाळ्या बोलू लागतात:
आधी शेजारच्या घरात फोडणी पडावी तसा आवाज,
मग एक जांभळी रेघ
कडेकडेने वाट चाचपत निघालेली.
"तिला वाट सापडली की संपलं," तो म्हणतो,
"खाण अंधारात, आणि माझा पगारही."

तांबं काढायला वीज लागते, वीज न्यायला तांबं.
या चक्रात कुठून शिरायचं ते त्याला कधी कळलं नाही,
म्हणून तो बाहेर राहिला. थाळ्यांपाशी.

पाणी टँकरमधून येतं, सगळे क्षार काढून घेतलेलं.
त्याने माझ्या ओंजळीत ओतलं. प्यायले.
कशाचीच चव नाही,
कुणीतरी सांगायचं राहून गेल्यासारखं.
"पाणी वीज पोचवत नाही," तो म्हणाला. "पोचवतं ते मीठ."

शाळेत आम्हाला दोन याद्या पाठ होत्या.
सुवाहक: चांदी, तांबे, ॲल्युमिनियम.
दुर्वाहक: लाकूड, काच, रबर, चिनीमाती.
दुर्जन, दुर्गुण, दुर्दैव यांच्याच पंगतीला
बसवली होती आम्ही काच.
जे आपल्यातून काही जाऊ देत नाही ते वाईट.
दोन गुणांचा प्रश्न होता, मला दोन्ही मिळाले.

त्याचा बाप, फाउस्तिनो, सोऱ्याच्या कारखान्यात तारवाला होता.
घरात बोलत नसे. पोराच्या डोक्यावर हात ठेवलाच
तर तो फळीसारखा,
आतून काही येत नसे.
"मला वाटायचं, ह्याच्यात काही नाहीच."

सैनिकांच्या वर्षी त्याला घेऊन गेले.
अठ्ठावीस दिवस.
तिथे त्याला ओल्या लोखंडी खाटेवर निजवून
त्याच्यातून वीज सोडली.
शरीर काय, अर्ध्याहून अधिक खारं पाणी.
चांगला सुवाहक.
वीज एका बाजूने आत गेली, दुसऱ्या बाजूने बाहेर आली,
पुन्हा गेली, पुन्हा आली.
तिच्यासोबत नाव एकही बाहेर आलं नाही.

हे एलेउतेरियोला कळलं ते तेहतीस वर्षांनी.
बापाच्या मयताला पाच अनोळखी म्हातारे आले.
एकाची कालामाला बेकरी होती. त्याने पावांची टोपली आणली
आणि ती कुठे ठेवावी हे न सुचून
हातातच धरून उभा राहिला.
"आम्हाला न्यायला कुणी आलंच नाही," तो म्हणाला.
"दर रात्री बूट घालून बसायचो.
महिनाभराने बूट काढले. तेव्हा कळलं."

पाच माणसं,
त्यांची लेकरं, त्यांच्या सुना,
कालामाच्या कित्येक सकाळचा पाव,
हे सगळं एका न बोलणाऱ्या माणसावर
लटकून राहिलं होतं.
खाली जमीन होती. जमिनीला सगळंच हवं असतं.

एलेउतेरियोच्या खिडकीत एक हिरवी काच आहे,
बापाच्या खांबावरची, बोराएवढा टवका उडालेली.
सोऱ्याचा कारखाना बंद पडला, तारा चोरीला गेल्या,
तिच्यावर आता कुठलीच वीज यायची नाही.
तरी महिन्यातून एकदा तो टँकरमधलं पाणी
बाटलीत भरून घरी आणतो आणि ती धुतो,
आतून, बाहेरून, खोबणीत बोट घालून.
धुताना तोंड जरा बाजूला वळवतो.
मिठाचं काही सांगता येत नाही.