सगुणमामाची गाठ

साखळीच्या बाजारात सोमवारी
मासे निवडणारे लोक
सगुणमामा दिसला की जरा सरकून उभे राहायचे.
वैर नव्हतं कुणाचं.
फक्त त्यानं आपल्याकडे नीट बघू नये,
डोक्यापासून पायापर्यंत,
एवढंच.

तो बघायचाच नाही. इसवणाचा भाव विचारायचा,
महाग म्हणायचा, पेडवे घ्यायचा.

पहाटे तीनला फोन वाजला
की मामी अंधारातच चहा टाकायची.
कोण, असं विचारायची नाही.
वय किती, एवढंच,
आणि उत्तर लहान आलं
तर साखर घालायला विसरायची.

मग मॅटाडोर. मागचं दार सुंभानं बांधलेलं.
बांबोळीच्या शवागाराबाहेर बाकावर
लोकांचे फॉर्म भरत बसलेला मामा.
मयताचं नाव, बापाचं नाव, गाव.
'नातं' या रकान्याशी
पहिल्या वर्षी तो अडला होता म्हणे.
नंतर लिहू लागला, शेजारी.
वाळपईचा असो, पेडण्याचा असो,
शेजारी.

पावसाळ्यासाठी आंब्याची लाकडं
तो मार्चमध्येच फोडून
गोठ्याच्या माळ्यावर रचायचा.
आम्ही त्यांच्यामागे लपायचो.
मी एकदा विचारलं, कुणाची ही?
अजून कुणाची नाहीत, म्हणाला
आणि मला तिथून खाली उतरवलं.

तेराव्यानंतर कुणी पैसे घेऊन यायचं,
कुणी रस्ता बदलायचं.
वहीत तो सगळ्यांपुढे लिहायचा 'दिले'.
मामी भांडायची, हिशेब चुकतो!
'चुकूं दी.'

महामारीच्या वर्षी
मुलगे फाटकाबाहेर उभे राहिले
तेव्हा आतून तो त्यांना मोठ्यानं सांगायचा,
आता पाणी घातलं.
आता तुळस ठेवली.
आता तोंड झाकलं, बघू नका.
आता.
रात्री घसा बसलेला असायचा त्याचा.

मयताच्या घरातून निघताना 'येतो' म्हणू नये.
चाळीस वर्षं तो न बोलता उठत गेला,
मग सवयच जडली.
बारशातून, मुंजीतून,
माझ्या दहावीच्या पेढ्यांवरून
तसाच चपला घालून नाहीसा.
आई चिडायची,
'येतो म्हण रे, मेल्या,'
आणि जीभ चावायची.

चवथीला माटोळी बांधायला
त्याला कुणी बोलावलं नाही. आम्हीही नाही.
तो उंबऱ्याबाहेर उभा राहून
मला सांगायचा,
केवण आधी भिजव.
दोन वेढे, एक खालून,
ओढ. अजून ओढ.
आता लटकव नारळ.
नारळ कधी पडला नाही.
गाठ तीच होती, हे मला फार उशिरा कळलं.

तो गेला त्या दुपारी
अंगणात बांबू आले
आणि चार पुरुष दोरी हातात घेऊन
एकमेकांकडे बघत राहिले.
त्यांच्या आयांना, बापांना
मामानंच बांधलं होतं.

म्हापशाचा आगुस्तीन, पेट्या करणारा,
टोपी छातीशी धरून आला होता.
एकाच धंद्यातले दोघे;
मॅटाडोर बंद पडली की त्याची गाडी यायची.
त्यानं माळ्यावरून काढलेल्या लाकडावर बोट वाजवलं.
'बरें सुकलां,' म्हणाला,
आणि तोंड फिरवलं.

मी ओढणी कमरेला बांधली.
बायकांनी करायचं नसतं, कुणीतरी म्हणालं.
दुसरं कुणी काही म्हणालं नाही.
दोन वेढे, एक खालून.
छातीशी. गुडघ्यांशी. घोट्यांशी.
हात कापत होते, गाठ नाही.
पायाचं नख वाढलं होतं त्याचं,
एवढंच लक्षात राहिलं.

वाळवंटीकडे गाडी वळली
तेव्हा मागच्या दाराचं सुंभ
सुटून लोंबत होतं रस्त्यावर,
आणि कुणाला हाक मारावी
ते मला कळेना.