आधी पाठवणी, मग हळद

तासगावच्या मार्केट यार्डामागे, पहिल्या मजल्यावर,
बेदाण्याचा गोड-आंबूस वास खिडकीतून येतो
आणि माझ्या कीबोर्डला चिकटतो.
इलाही शिकलगार मालक. फोटो त्यांनी काढायचे,
पुढचं मी बघायचं.

आज सावळजचं लग्न. तीन कॅमेरे,
चार हजार दोनशे बारा कच्चे फोटो,
आणि नवरी परवा सकाळच्या गाडीनं पुण्याला.

कच्चा फोटो गिऱ्हाइकाला समजावता येत नाही.
तो अजून फोटो नसतोच.
पडलेल्या उजेडाचा नुसता हिशेब असतो:
लाल किती, निळा किती, हिरवा दोघांच्या दुप्पट.
शालू त्यात असतो,
पण अजून कुणी नेसलेलं नसतं.

साडेनऊला लावलं. फोटोला सहा सेकंद.
म्हणजे सात तास.
पडद्यावर आठ आलेख:
एक छताला टेकलेला,
सात जमिनीला पाठ लावून.
आठ कोरांचं यंत्र हप्त्यानं घेतलंय आम्ही,
हप्ता मात्र आठांचाही भरतो.

मी यादीचे आठ वाटे केले,
ज्याचा त्याला दिला.
पंखा घोंगावला, टेबल थरथरलं,
आणि काम आणखी रखडलं.
जुनी डिस्क आतल्या आत कर्रकर्र करत
आठांच्या हाका ऐकत इकडून तिकडे पळत होती,
कुणालाच धड काही मिळत नव्हतं.

मालनमावशी डबा द्यायला वर आली.
खाली ग्रेडिंगच्या शेडमध्ये असते ती,
काड्या आणि काळे मणी वेचते,
नखांत साखर घेऊनच घरी जाते.
पडद्याकडं बघत तिनं विचारलं, काय अडलंय?
मी सांगितलं, जमेल तसं.
म्हणाली, "आरं, बायका आठ बसवल्यास,
पण क्रेट आणणारा गडी येकच न्हवं का?
त्यो तरी किती पळंल?
आधी माल टेबलाजवळ आणून टाक.
मग बसव."
आणि भाकरी गार होतीय म्हणून ओरडली.

अठरा मिनिटं गेली
सगळं नव्या डिस्कवर आणून टाकायला.
तेवढ्यात जेवलो.

मग आठही आलेख एकदम उभे राहिले,
आणि लग्न आठ ठिकाणांहून सुरू झालं.
पहिल्या कोरात प्रांजलचे हात अजून कोरे,
हळद वाटीतच.
तिसऱ्यात मामा फेट्याचं टोक शोधतोय.
पाचव्यात अक्षता हवेत थांबल्यात.
सहाव्यात जिलेबी संपली, त्याबद्दल कुणीतरी चिडलंय.
आठव्यात गाडीची काच वर जातेय
आणि काचेमागे ती रडतेय,
ज्या लग्नासाठी रडतेय
ते पाच खिडक्या सोडून अजून लागायचंय.

मी नुसता बसून होतो.
सात तासांच्या हिशेबानं आलो होतो,
इतक्या लवकर मोकळं झालेल्या हातांचं
काय करायचं ते ठरेना.
खाली कुणीतरी ट्रकची ताडपत्री ओढत होतं.

एक तास चार मिनिटं.
आठ जणांनी आठपट होत नाही,
थोडं तापण्यात जातं, थोडं एकमेकांची वाट बघण्यात.
नंबर लावले तसे सगळे आपापल्या जागी परतले,
हळद आधी, पाठवणी शेवटी,
जसं घडलं होतं तसं.

एकच राहिला. चूक, फाइल अपुरी.
हातानं उघडला.
निम्म्यावर जांभळा पट्टा,
उरलेल्या निम्म्यात नवरीचा बाप
मांडवाबाहेर वाकून चपला शोधतोय.
बाकी चार हजार दोनशे अकरांत
तो कुठंही एकटा नव्हता.

इलाहीभाई म्हणाले, खराब आहे, टाक काढून.
मी हो म्हणालो.
पट्टा कापला, उरलेला उजळला, थोडा सरळ केला.
एका कोरावर, सावकाश.
अल्बममध्ये घातला.
कुठल्या पानावर, ते त्यांना सापडेल तेव्हा सापडेल.