कवडीचा कान

पहिले दोन महिने तलवार दिलीच नाही.
दिलं ते लाटणं,
कडेला जळलेलं, त्यांच्याच घरचं,
आणि झिंगरूजी उईके, घोडेस्वार पोलिसातले रिटायर दफेदार,
टाकळीच्या मैदानात रेतीवर उकिडवे बसून म्हणाले,
"हे पडू देऊ नोको. बस. येवढंच काम."

पडलं.
मे महिना, सकाळचे सहा, सातला रिकिबीचं लोखंड चटके देणार,
आणि मी दर फेरीला खाली उतरून लाटणं उचलते आहे,
कवडी मान वळवून बघते आहे.
कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका,
डाव्या कानाला चीर.

"मारू नोको पोरी. मारनं घोडीचं काम हाय.
तिचा वेग कापते. तू फकत धार सरळ धर."
लगाम डाव्या मुठीत, मूठ आयाळीला टेकलेली.
मांड गच्च, पोटऱ्या सैल; पोटऱ्या आवळल्या
की घोडीला वाटतं, मागे आग लागली.
लिंबू मागे गेलं की पातं त्याच्यामागे जाऊ द्यायचं,
अडवायचं नाही.
त्यांनी अडवलं होतं एकदा, भर परेडमध्ये,
साहेबांच्या बायकोसमोर.
खांदा अजून पावसाळ्यात बोलतो म्हणे.

लिंबं महागली त्या वर्षी.
मग कळमन्याहून पोतंभर सडकी संत्री,
सुतळीनं टांगलेली, एकेक, वीस पावलांवर.
लिंबू कापलं तर कळतही नाही.
संत्रं चुकलं तरी तोंडावर येतं.
बाहीला बुरशीचा वास,
माझ्यामागे माशा,
आई म्हणाली, कोणत्या शाळेत जातेस गं तू?

जुलैत पहिलं कापलं. सरळ, दोन फोडी,
एक सुतळीला तशीच लटकत राहिली.
झिंगरूजी काही बोलले नाहीत. तंबाखू मळत होते.

तेव्हा लक्षात आलं:
सगळी संत्री उजवीकडे.
एकही डावीकडे नाही.
विचारलं. म्हणाले, "जमते का डावीकडं टांगाले?"
हे उत्तर नव्हतं.

तबेल्यात जनावरांच्या दवाखान्याची वही होती,
पानं ओलीनं चिकटलेली.
कवडी, वय सात. डावा कान. टाके चार.
स्वार: दफेदार झिं. उईके.

दुसऱ्या दिवशी मीच सुतळी बांधली, डावीकडे.
ते बघत राहिले, उठले नाहीत.
डावीकडचा वार मानेवरून जातो,
हात घोडीच्या डोक्यापलीकडे न्यावा लागतो,
पातं कानाजवळून.
कवडी भरधाव सुटली. वीस पावलं, पंधरा, दहा.
मग तिनं दोन्ही कान मिटले,
मागे, मानेला चिकटवून,
आणि रेष सोडली नाही. सरळ धावत राहिली.

मी हात उचलला नाही.
संत्रं गालाला घासून गेलं.

झिंगरूजींनी ते सोडवून आणलं,
सोललं, बिया काढल्या एकेक,
अर्धं तिला दिलं, अर्धं तिलाच दिलं.
मला म्हणाले, "घाम पूस तिचा. उभी काहून हायेस?"

आता अजनीच्या पुलावर, सिग्नलला,
पुढच्या ट्रकला लिंबू-मिरची लटकलेली असते,
स्कूटीवर माझा अंगठा मूठ शोधतो,
टाचा आपोआप खाली जातात.
आज ते डावीकडे होतं.
मान जराशी बाजूला घेतली,
आणि जाऊ दिलं.