अकरावा दिवस

नदीचं मूळ शोधू नये म्हणतात.
इथं नदीच नाही.
आयर्लंडच्या या पश्चिम टोकाला पाऊस पडतो
आणि चुनखडक तो गिळून टाकतो,
वर ओघळसुद्धा ठेवत नाही.
कुठल्या भेगेतून गेला, कुठं निघाला,
दगड बोलत नाही.

निघतो तो किलवॅराच्या खाडीत.
ओहोटीला वाळूत बुडबुडे येतात तिथं,
गोड्या पाण्याचे, हाताला गार.
भोवती सागरी गवताचं कुरण,
सरकारी पाटी लावून राखलेलं:
नांगर टाकू नये, जाळं ओढू नये.
पाटी समुद्राकडं तोंड करून उभी आहे.

चार उन्हाळे झाले, गवत विरळ होतंय.
पात्यांवर शेवाळाची बुळबुळीत गवसणी,
उरलेल्यांना ऊन लागत नाही.
कारण गावाला पाठ आहे, फक्त प्रत्येकाचं वेगळं.
कालवं पिकवणारा फिन्टन म्हणतो, हॉटेल.
हॉटेल म्हणतं, गोठे.
गोठेवाला माल्की कॉनोल काहीच म्हणत नाही,
हनुवटीनं दाखवतो
टेकडीआडच्या नव्या बंगल्यांकडं.

डर्वला कुणाचंच ऐकत नाही
आणि सगळ्यांकडचा चहा पिते.
तिच्या गाडीत तीन रंगांचे डबे.
हिरवा ओतला माल्कीच्या शेणखड्ड्यात,
नारिंगी हॉटेलच्या मोरीत,
आणि लाल, उगाच, राहिला होता म्हणून,
खालच्या आळीत डिलिया हॅलोरनच्या संडासात.
पाणी जत्रेतल्या सरबतासारखं झालं.
त्र्याऐंशी वर्षांची डिलिया दारात उभी राहून हसली,
साखळी तिनंच ओढली.

मग खाडीतल्या प्रत्येक झऱ्याच्या तोंडाशी
कोळशाची पुरचुंडी, दोरीनं दगडाला बांधलेली.
ओहोटी रोज थोडी पुढं सरकते,
तशी डर्वलाची झोप सरकते.
पुरचुंडी सोडायची, नवी बांधायची,
बाटलीवर तारीख घालायची बोटं सुन्न असताना.

हिरवा चौथ्या दिवशी निघाला,
पण टेकडीपलीकडच्या दुसऱ्याच खाडीत.
माल्कीनं सगळ्यांना बिअर पाजली.
त्या खाडीला पाटी नाही,
म्हणून अहवालात तिला दोन ओळी.
नारिंगी अजून कुठंच आलेला नाही.
विचारा दगडाला.

अकराव्या दिवशी, कुरणाच्या अगदी मधल्या झऱ्यात,
लाल.
दिव्याखाली धरल्यावर शंका उरली नाही.
डर्वलानं तरी तीनदा धरून पाहिलं.

मंगळवारी ती डिलियाकडं गेली.
टाकी मार्टीनं खणली होती, लग्नाच्या वर्षी, एकट्यानं.
सिमेंट कमी पडलं तेव्हा तळ राहू दिला तसाच.
आळीतल्या सहाही घरांना त्यानंच खणून दिल्या.
नव्या टाकीचा आकडा डर्वलानं सांगितला,
अनुदान किती, ते वजा करून उरतात किती, तेही.
डिलियानं आकडा ऐकला की नाही कळलं नाही.
तिनं विचारलं, किती दिवस लागले म्हणालीस?
अकरा.
मार्टीला परत द्यायला एकोणीस लावले होते त्यानं.
त्यानं म्हणजे समुद्रानं.
किटली उकळून आपोआप बंद झाली.

मग म्हणाली, ये, दाखवते तुला.
भांड्याच्या काठाला तुझा रंग
अजून चिकटून बसलाय बघ,
काल दोन बाटल्या ब्लीच ओतलं, ढिम्म हलत नाही.

डर्वलाच्या ओठांपर्यंत आलं काहीतरी.
तिनं नळ सोडला, हात धुतले,
हात धुतले तेही पाणी गेलं.

गाडीत बसून तिनं वही उघडली.
लाल. झरा सात. अकरा दिवस.
नावाचा रकाना कोरा ठेवून
खाली बारीक अक्षरात:
ब्लीच, दोन बाटल्या, काल.
कालपासून अकरा म्हणजे पुढचा शुक्रवार.
ओहोटी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी.